नोंदवहीत नसलेली डोण

दिवाळी सरल्यानंतरचा पंधरवडा : माहिती अधिकारातील अर्ज. विषय, गावच्या दगडी डोणीची मालमत्ता नोंदवहीतील नोंद. जबाबदार : मी स्वतः.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा : अर्जावरील उत्तराचे जाहीर वाचन. जबाबदार : पुन्हा मी.

होळीआधीची मासिक सभा : डोण हलवण्यास हरकत नसल्याचा ठराव. जबाबदार : सूचक, अनुमोदक आणि खाली सही करणारे सरपंच.

वैशाखातला एक बाजारचा दिवस : क्रेन, ट्रक, दोन साखळदंड. जबाबदार : ज्यांनी ते बोलावले. त्यांनी अद्याप तोंड उघडलेले नाही.

जन्मभर मी दुसऱ्यांचे अर्ज लिहिले. भोरला कचेरीबाहेर टेबल टाकून बसणारा अर्जनवीस होतो; गाव मला 'वकील' म्हणते. कागदावर आले ते टिकते, हा माझा विश्वास. त्या विश्वासाने माझ्या गावाची डोण घालवली, हे मला आधी लिहून ठेवले पाहिजे.

आमचे गाव हिर्डोशीच्या वाटेवर. वरंध घाटाने कोकणातून मिठाचे बैल वर येत, तेव्हापासूनची ही डोण, असे जुनी माणसे सांगत. गुरांनी पाणी प्यावे म्हणून एकाच काळ्या दगडात कोरलेली, दोन माणसे आडवी निजतील एवढी लांब. तिचा एका अंगाचा काठ कमरेइतका, बैल-म्हशींसाठी. दुसऱ्या अंगाचा गुडघ्याइतका, शेळ्या-मेंढ्यांसाठी. ज्याने कोरली त्याने आपले नाव टाकले नाही, पण करडाची मान कुठवर पोहोचते ते मोजले होते. वरच्या झऱ्याचे पाणी दगडी पन्हळीतून तिच्यात पडे.

दर अमावास्येला एका घराची पाळी असे. डोण उपसायची, काथ्याने घासायची, पुन्हा भरू द्यायची. भरल्यावर पहिले तोंड जनावराचे. तोवर पन्हळीखाली कोणी घागर धरायची नाही. बेंदराला, बैलांच्या सणाला, पहिला मान सरपंचांच्या घरच्या बैलजोडीचा. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता आणि तो कधी कोणी मोडलेला मी पाहिला नाही.

सरपंच माझा बालमित्र. आमच्या घरच्या पाळीला तो मदतीला आला होता, तेव्हा बुडाचा गाळ खणताना माझ्या हातची पहार निसटली आणि बैलांच्या बाजूचा कोपरा उडाला. माझ्या वडिलांनी विचारले, तेव्हा हा पुढे झाला, "म्या फोडला." मार त्याने खाल्ला. ती कृतज्ञता मी साठ वर्षे बाळगली.

रस्ता रुंद होणार अशी बोलवा उठली, तेव्हा डोणीची सरकारी नोंद असावी असे मला वाटले. अर्ज केला. उत्तर आले : "सदर डोण ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदवहीत आढळून येत नाही." मला आनंद झाला. चूक सापडली, आता दुरुस्ती करून घेऊ. ग्रामसभेत उभा राहून मी ते वाक्य खणखणीत वाचले आणि त्याच कागदाखाली सही करून नोंद घेण्याची मागणी केली.

मागून कोणी म्हणाले, "वकील, आता म्हशींस्नीबी नोटीस धाडा. बिनापरवाना पानी पित्यात."

सभा हसली. मीही हसलो. सरपंच उठून म्हणाला, "हसू नगा. आमच्या वकिलानं बराबर पकडलंय. ग्रामसेवक, ह्यो कागद फायलीला लावा."

तो लावला गेला. ठरावात तो सोबतचे कागदपत्र म्हणून आहे : "सदर डोण ग्रामपंचायतीची मालमत्ता नसल्याने व रस्ता रुंदीकरणास अडथळा होत असल्याने अन्यत्र हलवण्यास हरकत नाही." रस्त्याच्या आखणीचा दगड डोणीपासून अकरा पावलांवर आहे. मी स्वतः चालून मोजले आहे.

ठरावाची मला खबर नव्हती. त्या बाजारच्या दिवशी सकाळी सरपंचाची जीप दारात उभी राहिली. "चल वकील, यष्टीची वाट कशाला बघतोस?" भोरला त्याने मला मिसळ खाऊ घातली, बियाण्याच्या दुकानात बसवून ठेवले, जुन्या शाळेच्या आठवणी काढल्या. तितक्या मोकळेपणाने तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. परतलो तेव्हा ऊन कलले होते. डोणीच्या जागी ओल्या मातीचा लांबट खड्डा होता आणि पन्हळीचे पाणी त्यात पडून चिखल होत होता.

शेजारच्या वहिनी गाय घेऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडे ती एक गाय आणि तीन शेळ्या.

"भावजी, डोन कुनाचीच न्हाई, असं तुमीच लिवून दिलं म्हनं?"

"कोण म्हणाले?"

"सरपंचांचा पुतन्या. क्रेनवाल्याला कागद दावत व्हता. खाली तुमची सही व्हती." मग गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "हिला काय सांगू आता?"

पुढच्या महिन्यात त्या जागेशेजारी सिमेंटची टाकी झाली. चारी बाजूंनी छातीइतकी उंच. झऱ्याची पन्हळ बुजवून तिला नळ दिला. मोटर चालू असली तर पाणी. शेळ्यांचे तोंड पोहोचत नाही. वहिनी बादलीने पाणी वाहतात. त्यांच्या गुडघ्यांची अवस्था मला ठाऊक आहे. गाय मात्र टाकीला वळसा घालून जुन्या जागी जाऊन उभी राहते. बेंदराला मानाचे बैल निळ्या प्लास्टिकच्या टपातून पाणी प्यायले. त्यांच्या कासऱ्याला सरपंच होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

डोण मला योगायोगाने सापडली. डोळे तपासायला पुण्याला निघालो होतो. नसरापूरला गाडी बदलली आणि पुढे महामार्गालगत एका हॉटेलच्या दाराशी ती दिसली. पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागे आलो. आत रंगीत मासे, काठावर झेंडूच्या कुंड्या. राखणदार म्हणाला, "आजोबा, फोटो काढा, पन हात लावू नका." मी उडालेल्या कोपऱ्यावर हात ठेवला. तो आमचाच होता.

त्याच संध्याकाळी सरपंचाच्या ओट्यावर गेलो. "कोणाच्या हुकमाने?"

"बस की. च्या घे." त्याने कप पुढे सरकवला. "आरं, गुरं ऱ्हायली किती गावात? तितं निदान लोकं बघत्यात. तूच म्हनायचास न्हवं, लोकांनी बघाय पायजे म्हून?"

"हुकूम कोणाचा?"

"तुझ्याच कागदाचा, वकील."

चहा तसाच ठेवून मी उठलो. त्यानंतर वरच्या कचेऱ्यांना सात पत्रे पाठवली. प्रत्येकाला उत्तर एकच : "आपला अर्ज संबंधितांकडे वर्ग करण्यात येत आहे." संबंधित म्हणजे सरपंच.

कायद्यात वहिवाट नावाची गोष्ट आहे. पिढ्यानपिढ्या उघडपणे, बिनहरकत चालत आलेला वापर. शेकडो अर्जांत तो शब्द मी दुसऱ्यांसाठी लिहिला. डोणीची वहिवाट तर तिच्या काठावर होती. गुरांच्या गळ्यांनी घासून दगड गुळगुळीत झाला होता. तो पुरावा समोर असताना मी नोंदवहीला विचारायला गेलो. माझी चूक एवढी, आणि ती मी इथे कबूल केली आहे.

आता दुसऱ्याने आपली कबूल करावी. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी अर्ज देणार नाही. वहिनींना आणि त्यांच्या गाईला घेऊन येईन. सरपंच, लेखी उत्तर नको, पुतण्या नको, ग्रामसेवक नको. तू उभा राहा. त्या दिवशी मला भोरला का नेलेस, डोण कोणाच्या शब्दावरून दिलीस आणि ती कोणत्या दिवशी जागेवर परत येणार, हे सगळ्यांच्या देखत, तुझ्या तोंडाने सांग.