‘चांगली शे’ म्हणणारे आबा

आबा मिस्तरी दुसऱ्याची गाडी चालवायला बसताना उजव्या पायातली चप्पल काढून ठेवत. डावी तशीच. धुळ्यात आमच्या घरासमोरच त्यांचं गॅरेज होतं, त्यामुळे आम्हाला त्यात काही विचित्र वाटत नसे. ॲक्सिलरेटरवर उघडा तळवा टेकवून ते गाडी हायवेपर्यंत नेत आणि परत येईपर्यंत त्यांचा निकाल ठरलेला असे. “तोंड खोटं बोलस, पाय नही,” ते म्हणत.

एकदा जामनेरचा एक कापूस व्यापारी आला. पाय दाबला की त्याची गाडी क्षणभर दम खायची, मग एकदम पळायची. त्याने प्लग बदलले होते, पंपवाल्याशी भांडूनही झालं होतं. आबांनी चक्कर मारली, बॉनेट उघडलं आणि थ्रॉटलची झडप बोटाने हलवून दाखवली. तिचा दांडा झिजून खुळखुळत होता.

“आबा, नुसतं साफ करून द्या ना.”

“धोईसन नवा दात येतस का, भाऊ?”

थ्रॉटल बदलल्याशिवाय गाडी मिळाली नाही. ओव्हरटेक करताना समोरून ट्रक आला आणि नेमका तेव्हाच गाडीने दम खाल्ला, तर माणूस संपतो. म्हणून ‘चांगली शे’, म्हणजे गाडी चांगली आहे, हे दोन शब्द आबा फार जपून उच्चारत.

स्वतःच्या शरीराबाबत मात्र बेफिकिरी. मधुमेह होता. त्यांची बायको, अक्का, चहात साखर घालत नसे, तर हे टपरीवर जाऊन गोड चहा पीत. “ठेच लागनी, रगत निंघनं, तरी तुमले समजस नही,” ती चिडून म्हणे. आबा हसत.

गेल्या उन्हाळ्यात आमची गाडी दम खाऊ लागली. आबांनी चक्कर मारली, मी शेजारी बसलो होतो. पाय दाबला की गाडी किंचित अडायची, मग सुटायची.

“चांगली शे,” आबा म्हणाले.

“आबा, आत्ताच अडली की!”

“कोठे?”

आयुष्यभर ते फक्त पायाचंच ऐकत आले होते. त्यांनी गाडी कडेला घेतली. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून तळव्यावर रेघ ओढली. पुन्हा ओढली, जोरात. रक्त आलं.

“काहीच नही,” ते म्हणाले आणि स्टिअरिंग धरून बसून राहिले.

दुसऱ्या दिवसापासून, अलीकडे ज्यांना ज्यांना ‘चांगली शे’ म्हटलं होतं त्या सगळ्यांना ते फोन करू लागले. “मना पाय मरी गया शे. गाडी दुसरीकडे दाखाडी ल्या.” कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या. “धंदा बुडाडी राह्यनात तुम्ही!” अक्का रडली. आणि तो बुडालाच. आपल्याकडे नवे पूल खचतात, उद्घाटनाचे हार सुकायच्या आत रस्ते उखडतात. पण ‘आमचं चुकलं, तिकडून जाऊ नका’ असा फोन कुणा साहेबाने कुणाला केल्याचं मी ऐकलेलं नाही.

एकच फोन लागत नव्हता. यावलच्या एका माणसाच्या गाडीलाही आबांनी ‘चांगली शे’ म्हटलं होतं; बायकापोरांना घेऊन तो त्या गाडीतून सातपुड्यातल्या गावी जा-ये करायचा. त्याचा मोबाईल बंद. यावलला जाणाऱ्या ड्रायव्हरांकडे आबांनी निरोप धाडले. घर कुणालाच सापडलं नाही.

पावसाळ्यात तळव्यावरची जखम चिघळली आणि आबांचा पाय गुडघ्याखाली कापला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यांनी पायाबद्दल विचारलंच नाही.

“यावलवालाना फोन लागना का?”

“नही लागना,” अक्का म्हणाली.

विष अंगभर पसरलं होतं. दिवाळीआधी आबा गेले. अक्का अजून रोज सकाळी तो नंबर लावते. बंद येतो.