माझ्या शंका सगळ्यांनी वाचल्या

गेल्या आठवड्यात माझी अशी फजिती झाली की सांगायची सोय नाही... पण सांगतेच.

मी कात्रपला एका बालवाडीत मदतनीस आहे. वय चव्वेचाळीस. शिक्षिका व्हायचं म्हणून यंदा ऑनलाइन डिप्लोमाला नाव घातलं, आणि दोन महिन्यांत कळलं की माझी अक्कल चरायला गेली होती.

त्यात ग्रुप असाइनमेंट! ग्रुपमध्ये अंबरनाथची प्राजक्ता आणि उल्हासनगरची करिश्मा, दोघी माझ्या लेकीच्या वयाच्या. मुलं खेळातून कशी शिकतात, यावर तिघींनी मिळून एकाच ऑनलाइन फाइलमध्ये लिहायचं होतं.

पोरींनी दोन दिवसांत पानंच्या पानं भरली. मी वाचलं... एक अक्षर डोक्यात शिरेना. 'संज्ञानात्मक विकास' म्हणे! ठरवून टाकलं, एवढं झालं की कोर्स सोडायचा. नवऱ्यालाही तसं सांगून टाकलं.

तरी रविवारी दुपारी पुन्हा वाचायला बसले. फाइल माझ्या मोबाइलमध्ये उघडलीय म्हणजे हे फक्त मलाच दिसणार, असं आपलं मला वाटलं. मग काय, प्रत्येक ओळीखाली मनातलं लिहीत सुटले. "म्हणजे काय, देव जाणे." "हे जिने लिहिलं तिला तरी समजलं का?" "आमच्या बालवाडीतला ओम आठवडाभर नुसती वाळू या डब्यातून त्या डब्यात ओततोय. तो शिकतोय की टाइमपास करतोय?" सगळ्यात खाली लिहिलं, "मी ढ आहे. सोडून देते."

सोमवारी डबा खाताना फाइल उघडली आणि बघते तर काय, माझ्या प्रत्येक शंकेखाली उत्तर! म्हणजे मी इथे जे लिहिलं ते दोघींना तिकडे दिसत होतं... मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धीर करून वाचलं. 'देव जाणे'च्या खाली प्राजक्ताने लिहिलं होतं, "काकू, मलाही नाही कळलं. नेटवरून उचललंय." त्याखाली करिश्मा, "सेम काकू. मैं तो डर के मारे पूछी ही नहीं." आणि शेवटी, माझ्या 'सोडून देते'च्या खाली, पुन्हा प्राजक्ता, "काकू प्लीज सोडू नका. ओमचं सांगा ना, तो ओतताना काय बघतो?"

आणि ते मला माहीत होतं! मोठा डबा भरायला छोटे किती डबे लागतात, ते ओम बघतो. अंदाज चुकला की सगळं ओतून पुन्हा सुरू. मी लिहायला लागले तर तिकडून दोघींची अक्षरंही उमटायला लागली. प्राजक्ता पुस्तकातला शब्द शोधून ओमच्या वाळूला जोडत होती, करिश्मा माझी वाक्यं नीट लावत होती. डबा तसाच राहिला.

नेटवरून उचललेली पानं आम्ही पुसून टाकली. चार दिवसांत सगळं नव्याने लिहिलं. शनिवारी मॅडमनी ऑनलाइन वर्गात ओमचा भाग वाचून दाखवला आणि कुणी लिहिलाय विचारलं. खरं सांगते, कुठलं वाक्य कुणाचं ते आम्हा तिघींनाही सांगता येईना.

कोर्स सोडत नाहीये. इतकी वर्षं वाटायचं, न समजणारी मी एकटीच... तिकडे त्या दोघीही तेच समजून गप्प बसल्या होत्या.

आता पोरींचा हुकूम आहे, पुढच्या धड्याला आधी काकूंनी शंका लिहायच्या, मगच काम सुरू. सुखी राहा गं पोरींनो... आणि फाइल उघडा, सोळा लिहून ठेवल्यात.