तणसाच्या पाण्यातली पंगत

भाताचं तणस, म्हणजे पेंढा, पाण्यात भिजत ठेवलं की काही दिवसांनी असा वास सुटतो की शेजारीही विचारपूस करायला येतात. तरीही घरमालकिणीनं मला खोलीतून हाकललं नाही, हे तिचे उपकार. ऐंशीच्या दशकात कुरखेड्याकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवत होते, तेही तात्पुरती. पाठ पाहायला तपासणीचे साहेब येणार होते. पसंत पडला तर मी कायम, नाही तर नागभीडला घरी परत. तिथं वडील स्थळांची यादीच घेऊन बसले होते.

मी ठरवलं, साहेबांना पॅरामेशियमची पंगत दाखवायची. हा एकपेशीय जीव बोडीच्या, म्हणजे छोट्या तळ्याच्या, पाण्यात असतो आणि कुजक्या तणसाच्या मडक्यात भराभर वाढतो. त्याला लाल रंगात उकळलेलं यीस्ट वाढलं की अंगावरच्या बारीक केसांनी पाणी ढवळत तो घास तोंडाकडे ओढतो. तिथं पेशीपटलाचीच इवलीशी पिशवी होते आणि घासासकट आत सुटते. मग त्याच्या पारदर्शक अंगात लाल ठिपके फिरताना दिसतात. आपण काय जेवलो हे उघड दाखवणारा इतका प्रामाणिक जीव माणसांत तरी मला भेटलेला नाही.

पाठाच्या दिवशी मडकं उचलून घरमालकीण माझ्याबरोबर निघाली. म्हणाली, "पाहू तरी, कोणासाठी नाक दाबून राह्यली होती मी!"

व्हरांड्यात सूक्ष्मदर्शक मांडला, आरसा उजेडाकडे वळवला, थेंब ठेवला आणि डोळा लावला. काल सैरावैरा पळणारे आज सुरकुतून पडले होते. एकही हलत नव्हता.

तेवढ्यात साहेब आले. चष्मा न काढता भिंगावर टेकले आणि लगेच म्हणाले, "वा! काय पळताहेत!"

नोकरी वाचली होती. आता फक्त गप्प बसायचं होतं, आणि मी बसलेही. मग पहिल्या बाकावरची मुलगी पाहायला वाकली.

"मॅडम, मले तर काहीच पळताना दिसून नाई राह्यलं."

साहेबांची भुवई वर गेली. पोरीनं घाईघाईनं पुन्हा डोळा लावला. "हो साहेब, पळून राह्यले, पळून राह्यले!"

माझं टाळकं सरकलं. जे दिसतं तेच सांगा, म्हणून मी वर्षभर घसा फोडला होता. "काही पळत नाही," मी ओरडले, "मेलेत सगळे!"

"मेले?" मागून घरमालकीण घाबरून म्हणाली. "काऊन? म्या त सकाळी मूठभर मीठच टाकलं. वास मरून जाईल म्हटलं. मासोळीले नाई का लावत?"

पोरं खदखदून हसली. मला तिचा गळा धरावासा वाटला.

"मासोळीला मीठ लावता, तेव्हा ताटात पाणी कुठून येतं?"

"मासोळीतून."

"तेच झालं यांचं!" मी तणतणतच शिकवत सुटले. पेशीपटल घासाला पिशवीत घालून आत घेतं, पण पाण्याला काही ते अडवून धरत नाही. बाहेर मीठ वाढलं की आतलं पाणी बाहेर निघून जातं. पंगत मांडलेली आणि जेवणारे वाळून गेलेले! पोरं वह्या टाकून भिंगाकडे धावली.

"मी पाहिले तेव्हा पळत होते," साहेब पुटपुटले.

नोकरी तशीही गेलीच होती. मी त्यांना चष्मा काढायला लावला, आरसा नीट केला आणि म्हटलं, "आता बघा." साहेब वाकले. बराच वेळ वर आलेच नाहीत.

"अरे! हे तर खरंच मेलेत!" मढी पाहून इतका हरखलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. मग ते माझ्याकडे वळले आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "इतकी वर्षं मी सगळीकडे पळताहेतच म्हणत आलो. तुम्ही इथून कुठं जायचं नाही. मला ते पळताना पाहायचेत."