माझ्या अंगात आलेला भुंगा

आमच्याकडे सकाळी रस्त्याने कोणी नुसता चालत नाही. चालणारा कुठेतरी जात असतो, आणि कुठे ते वाटेतल्या प्रत्येकाला सांगणं त्याच्यावर बंधनकारक असतं. आरोग्याच्या टिपा लिहिणाऱ्यांना हा नियम ठाऊक नसतो. पुण्यात राहून माझा मुलगाही तो विसरला असावा. नाहीतर त्याने मला फोनवर पाठवलेल्या यादीत 'रोज अर्धा तास मोकळं चालणे' हे पहिलंच कलम नसतं.

यादी पाठवायला कारण होतं. बायकोच्या छातीत गाठ लागली होती. कुडाळच्या डॉक्टरांनी सुई घालून तिचा तुकडा काढला, तपासायला गोव्याला पाठवला आणि बायकोला म्हणाले, "रिपोर्टला दहा दिवस लागतील. तोवर ताण घेऊ नका." तिने मान डोलावली आणि घेतला नाही. मग शिल्लक राहिलेला सगळा मी घेतला.

येताना मोटारसायकलवर मागे बसून तिने हुकूम सोडला, "रिपोर्ट येयपर्यंत वाडीत कोणाक सांगायचा नाय. लोका येवन माझ्याकडे बघत बसतली, जसा काय मी आताच चललंय."

"मी काय डांगोरो पिटतलंय?"

"तुमच्या तोंडाक झाकण खंय आसा?"

मला राग आला. मी पंप दुरुस्त करणारा माणूस. गळती बंद करणं हा माझा धंदा.

दुसऱ्या दिवशी उजाडताच चालायला निघालो. पहिल्याच वळणावर प्रश्न आला, "खंय चललंस रे?" नुसता चाललोय म्हणालो असतो तर माझ्या घरी विचारपूस करायला माणसं आली असती. म्हणून म्हटलं, "पंप बघूक." पुढच्याने विचारलं, "कोणाचो?" मी खाडीकाठच्या एका बागायतदाराचं नाव ठोकून दिलं. तो म्हणाला, "त्येच्याकडे तर विहीरय नाय!" तीन दिवसांत मी असे पाच पंप निर्माण केले. चौथ्या दिवशी वाडीत बातमी होती, की मी कोणा मुंबईवाल्यासाठी गुपचूप जमीन बघत फिरतोय.

दुसरं कलम होतं, चहा कमी करा. मी एकदम बंद केला, कारण अर्धवट काम मला आवडत नाही. दुपारपर्यंत डोक्यात घण पडायला लागले, आणि तशा डोक्याने मी एका सुपारीच्या बागेत मोटार जोडली. तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल झाली आणि मोटार उलटी फिरू लागली. बागेचा मालक पाइप धरून लांब उभा.

"पाणी येता काय?" मी ओरडलो.

"येता," तो म्हणाला, "पण नव्या न्हवरीसारखा लाजत लाजत!"

तीस वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं.

फोन कमी बघा, हे तिसरं कलम. त्याची गरज खरी होती. मी फोनवर गाठींबद्दल वाचत बसायचो आणि प्रत्येक ओळीला नवा रोग सापडायचा. पाचव्या दिवशी बायकोने फोन हातातून काढून घेतला आणि तांदळाच्या पिंपात खुपसला. "जेवणाक तांदूळ काढूक येयन तेव्हा बघीन कोणाचो फोन इलो तो," म्हणाली. रात्री चार्ज करून तो पुन्हा पिंपात जायचा. एवढी एकच टीप घरात यशस्वी झाली, आणि ती राबवणारा मी नव्हतो.

राहिला भुंगा. चौथ्या कलमात लिहिलं होतं की अंगठ्यांनी कान बंद करा, बोटांनी डोळे झाका, खोल श्वास घ्या आणि सोडताना भुंग्यासारखा आवाज काढा. सातव्या दिवशी सकाळी खळ्यात, म्हणजे आमच्या अंगणात, मी तुळशीसमोर मांडी घालून बसलो आणि सुरू केलं. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. अंग आपोआप डुलायला लागलं. कान बंद असल्याने शेजारची काकी पूजेसाठी जास्वंदी काढायला आल्याचं काही मला कळलं नाही.

काकी सत्तरीची. तिने काय पाहिलं असेल, बघा. हा माणूस गेले सहा दिवस उगाच हिंडतोय, नसलेले पंप दुरुस्त करतोय, तिच्या घरचा चहा नाकारतोय. आणि आता तुळशीपुढे डोळे झाकून घुमतोय. आमच्या भागात माणसाच्या अंगात देव येणं ही काही मोठी बातमी नाही. त्याची रीत ठरलेली आहे. काकीने परडी खाली ठेवली, पूजेसाठी भरून आणलेल्या तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर ओतलं आणि हात जोडले.

पाय गार लागले म्हणून मी कानातले अंगठे काढले.

"म्हाराजा, इलंस तो बरा झाला," काकी म्हणत होती. "आता सांग, ह्या घराक काय झालाहा?"

डोक्याने धड असलेल्या कोणीही इथे डोळे उघडून सांगितलं असतं, की काकी, हा व्यायाम आहे. मी डोळे मिटूनच राहिलो. वाटलं, उत्तर नाही मिळालं तर जाईल.

पण ती थांबेना. "ह्यो वेड्यासारखो फिरता. ती भायर येणा नाय, माझ्याशी बोलणा नाय. तीस वर्सां शेजार आसा. आमच्याकडसून काय चुकला, देवा?"

आमचं गुपित तिने रुसवा म्हणून स्वतःच्या माथी घेतलं होतं. हे काही माझ्या हिशेबात नव्हतं.

मी डोळे उघडले. "काकी, तुमचा काय चुकूक नाय गो. तिका गाठ इलीहा. रिपोर्ट येवचो आसा. माका भंय वाटता." आणि पंचावन्न वर्षांचा मी तुळशीच्या कठड्याला धरून रडलो.

काकीने जोडलेले हात सोडले. मग म्हणाली, "म्हणजे देव नाय?"

"नाय. व्यायाम."

"मेल्या, माझा भरलेला तांब्या फुकट घालवलंस!" असं म्हणून तिने ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मागे वळलो तर दारात बायको, हातात आमटीचा डाव.

"झाकण उडाला?" तिने विचारलं.

दुपारपर्यंत वाडीला कळलं. मी मान खाली घालून बसलो, आता माणसं येणार आणि हिच्याकडे बघत बसणार. माणसं आली. पण कोणी बघत बसलं नाही. काकीने सुपात कुळीथ आणले आणि बायकोला म्हणाली, "बसून काय करतंस? निवड." दोघी निवडत बसल्या, आणि आठवडाभर घराबाहेर न पडलेली बायको पडवीत मोठ्याने हसताना मला ऐकू आली. काकीच्या नवऱ्याने मला ताकीद दिली की उद्यापासून चालायला त्याच्याबरोबर यायचं, आणि विचारणाऱ्याला सांगायचं, 'ह्या म्हाताऱ्याक सांभाळूक चललंय.' हे कारण सगळ्यांना पटलं. काकीने चहाही पुन्हा सुरू केला, मात्र सकाळी एक कप, आणि आधी उकड्या तांदळाची पेज.

हे काका म्हणजे वाडीचे गाऱ्हाणं घालणारे. कोणाच्या घरी अडचण असली की ते नारळ ठेवून देवाला ती मोठ्याने सांगतात, आणि जमलेले सगळे होकार भरतात. त्याच दिवशी तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर ते आमच्या खळ्यात उभे राहिले. बायको म्हणाली, "ह्येची काय गरज नव्हती." पण डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा," काकांनी सुरुवात केली, "ह्या तुझ्या लेकीच्या अंगात गाठ इलीहा. ती गप रवता, पण तुका सगळा दिसता. तिच्या जिवाक भंय आसा, ता तू काढून टाक रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" दहा-बारा माणसं एकदम म्हणाली.

तिसऱ्या 'व्हय म्हाराजा'ला बायकोने पदर तोंडात कोंबला. सात दिवसांत पहिल्यांदा ती रडली. तेव्हा मला उमगलं की डॉक्टरांनी सांगूनही ताण तिने घेतलाच होता. कुठे उतरवून ठेवायचा ते तिला कळत नव्हतं. मी निदान भुंगा तरी झालो होतो.

त्या रात्री ती गाढ झोपली. मी घोरलो, असं तिचं म्हणणं आहे. झोपलेल्या माणसाला ते कसं कळलं, हे मी विचारलं नाही.

दहाव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तिने तांदूळ काढायला पिंपात माप घातलं आणि पिंप गुणगुणायला लागलं. मी कोपरापर्यंत हात खुपसले, मग तिने खुपसले, तांदूळ घरभर झाला. फोन सापडला तोवर वाजायचा थांबला होता. परत लावला तर माझी बोटं नको त्या आकड्यांवर. शेवटी तिनेच लावला.

"गाठ साधी आहे," डॉक्टर म्हणाले. "घाबरण्यासारखं काही नाही. सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा."

आम्ही दोघं तांदळातच बसलो. मग ती डोळे पुसत उठली आणि मला म्हणाली, "ते तांदूळ गोळा करा. भात जास्त लागतलो, आता सगळी येतली." आली. काकी नारळ घेऊन सगळ्यांत आधी.

संध्याकाळी मुलाने फोनवर विचारलं, "बाबा, यादीतलं शेवटचं कलम केलंत का?" मी म्हटलं, चारच तर होती. तो म्हणाला, "पुढे वाचा असं खाली लिहिलंय, तिथे दाबा." दाबलं. पाचवं कलम होतं, 'मनातली भीती जवळच्या माणसाला सांगा.'

भुंगा मी अजून रोज करतो, फक्त कान उघडे ठेवून. काकी कुंपणापलीकडून विचारते, "आज देव की व्यायाम?" आणि उत्तराची वाट न बघता फुलं काढते.

सहा महिन्यांनी कुडाळला जायचं आहे. विसरायला नको म्हणून तारीख फोनात घालायला बसलो, तर बायको म्हणाली, "कशाक? वाडीत सगळ्यांका पाठ आसा."