उलामिलाची झोप

सिस्टर उलामिलाला आमच्या चढावर कोणी भांडखोर म्हणणार नाही. भांडायला माणूस जागा असावा लागतो, आणि ती दिवसा झोपायची. बावीस वर्षं इस्पितळात मुलांच्या वॉर्डात रात्रपाळी. मी एकदा विचारलं, की एवढी जुनी सिस्टर तू, दिवसपाळी का मागून घेत नाहीस? तर म्हणाली, "मास्टर, दिवसा वॉर्डात दहा जण असतात. रात्री पोरांच्या आया खुर्चीतच पेंगतात, आणि पोरं तेव्हाच रडतात." नवरा सेरू फौजेतून परदेशी गेला होता, तो तिकडेच वारला. मूलबाळ नाही. सकाळी आठला ती आपली छोटी निळी गाडी घेऊन चढ चढायची, कसावा उकडून खायची आणि नऊला आडवी व्हायची. तीनला उठायची. या सहा तासांवर तिचं सगळं चाललेलं होतं.

त्या सहा तासांच्या मुळावर तानिएला आला.

तो शेजारच्या घरात राहायला आला तेव्हा मीच त्याला पाण्याचा नळ कुठे ते दाखवलं. मोठा, हसरा, गळ्यात टॉवेल टाकून फिरणारा माणूस. पहाटे मिनीबसच्या दोन फेऱ्या मारायचा, साडेसातपर्यंत घरी यायचा आणि यांगोना कुटायला बसायचा. यांगोनाची वाळकी मुळं कुटून, पाण्यात कालवून प्यायच्या पुड्या करून तो विकायचा. आमच्या या बेटावरच्या सुवा शहरात संध्याकाळी ज्या घरी यांगोनाचं भांडं नाही त्या घरी कोणीतरी आजारी आहे असं समजावं, तेव्हा गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. पण कुटायचं म्हणजे पोलादी खल आणि त्यात वरून सोडायची छातीएवढी लोखंडी पहार. धड्. धड्. धड्. माझ्या व्हरांड्यात चहाच्या कपातला चहा हलायचा. आणि खल ठेवलेला नेमका उलामिलाच्या झोपायच्या खिडकीखाली, कारण तिथे सावली.

दुसरं दुखणं बसचं. तानिएलाच्या फाटकासमोर पाऊस पडला की चिखल होतो, म्हणून बस तो उलामिलाच्या फाटकाला आडवी लावायचा. मग ती बिचारी रात्रभर उभी राहून आलेली, गाडी खाली चर्चच्या मैदानाशी ठेवून चालत वर यायची.

आमच्यात, म्हणजे आम्हा हिंदुस्थानी लोकांत, असं झालं की पहिल्या दिवशी आवाज चढतो, दुसऱ्या दिवशी कुंपण चढतं आणि तिसऱ्या दिवशी वकिलाच्या मुलाचं शिक्षण सुरू होतं. उलामिलाच्या लोकांत तोंडावर बोलणं म्हणजे कमीपणा. तिने आधी निरफणस पाठवले. मग नारळाच्या दुधातली अळूची भाजी पाठवली. तानिएलाने सगळं आवडीने खाल्लं आणि भांडी धुऊन परत पाठवली. मग तिने माझ्याकरवी निरोप दिला.

"सिस्टर झोपते होय या वेळी?" तानिएलाने कपाळावर हात मारला. "चुकलं मास्टर, चुकलं. सांगा त्यांना."

दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी धड् धड् सुरू. वाईट माणूस नव्हता तो. विसरायचा. आणि विसराळू माणसाशी भांडणं हे दुष्टाशी भांडण्यापेक्षा कठीण, कारण तो दर वेळी मनापासून माफी मागतो.

असं वर्ष गेलं. तिच्या डोळ्यांखाली काळं यायला लागलं. एका सकाळी ती घरी न जाता थेट माझ्या व्हरांड्यात आली. मी चहा पुढे केला, तिने कप उचललाच नाही.

"मास्टर, काल रात्री मी एका पोराचं औषध भरलं. तीन वर्षांचं पोर. दहापट भरलं. दहापट! बाजूच्या सिस्टरने सिरिंज बघितली म्हणून. नाहीतर..." तिने कप बाजूला सारला. "मला झोप पाहिजे हो. नाहीतर मला ही नोकरी सोडली पाहिजे. पत्र लिहा. नगरपालिकेला लिहा, पोलिसांना लिहा, कोणाला लिहायचं त्याला लिहा."

मला खरं सांगायचं तर स्फुरण चढलं. मी कागद काढला, दौत काढली. आवाज, वेळ, वाहनाचा क्रमांक, अडवलेलं फाटक, सगळं मुद्देसूद मांडलं. आमच्याकडे सरकारी पत्रात माणसाचं गाव लिहावं लागतं, मग तो जन्मभर शहरात राहिलेला का असेना. म्हणून मी खाली जाऊन तानिएलाला गाव विचारून आलो. त्याचा बाप तो रांगता असतानाच गेला होता आणि तो वाढला आईच्या माणसांत, इथेच सुवात. गावी कधी गेला नव्हता. जन्माच्या दाखल्यावर होतं तेवढं नाव त्याला पाठ होतं.

"वुनिकावीका," मी वर येऊन तिला सांगितलं.

ती ताठ झाली. "वुनिकावीका? डोंगरातलं ना?"

आता, मी भूगोलाचा मास्टर. एकतीस वर्षं नकाशे टांगले. 'मला नाही माहीत' हे शब्द माझ्या तोंडात बसतच नाहीत. वुनिकावीका म्हणजे जांबाचं झाड, एवढं मला ठाऊक होतं, आणि नकाशावर डोंगरात तसं एक गाव पाहिल्याचं आठवत होतं. "अर्थात," मी म्हणालो. "दुसरं कुठलं असणार?"

उलामिला उठली. पत्र तिथेच राहिलं. कमरेला गुंडाळलेला सुलू सावरत ती तरातरा खाली गेली, तानिएलाच्या कुंपणातून आत शिरली आणि त्याच्या हातातली पहार वरच्या वर हिसकावून घेतली.

"काय रे डोंगरी डुकरा! शहरात आलास तरी कुटायची खोड जाईना? तुझ्या आज्याला आमच्या लोकांनी जेवू घातलं नसतं तर आज तू मुळं उकरून खात असतास!"

मी व्हरांड्यात उभाच राहिलो. मला वाटलं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. तानिएलाचं तोंड उघडंच राहिलं. मग हळूच त्याने विचारलं, "सिस्टर, तुम्ही कुठल्या?"

"वाईलोआची."

"मग आपण... तौवू?"

"तौवू नाही तर काय! नाहीतर तुझ्यासारख्याशी मी बोलले असते का?"

आणि तो जो हसला! त्याचं हसणं पहारीपेक्षा मोठं होतं.

तौवू म्हणजे काय ते मला चाळीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या पोरांनी शिकवलं. दोन गावांचा मूळपुरुष एक असेल तर ती गावं तौवू. मेहुण्यांची थट्टा चालते तशी, पण अख्ख्या गावाची अख्ख्या गावाशी. तौवूला काय वाट्टेल त्या शिव्या द्याव्यात, त्याची कोंबडी उचलावी, त्याच्या ताटातलं खावं. रागावायचं मात्र नाही. रागावला तो हरला.

मग दोन वर्षं आमच्या चढावर रोज सकाळी करमणूक होती. उलामिला पाळीवरून यायची, तानिएलाच्या अंगणात जायची, एक ताजी शिवी हासडायची आणि पहार खांद्यावर टाकून आपल्या घरी न्यायची. तीनला परत आणून द्यायची. तो मागून ओरडायचा, "चोरटे, वाईलोआत लोखंड पिकत नाही वाटतं?" तीन वाजता ती पहार द्यायला गेली की तो तिची पपई खात बसलेला असायचा, झाडावरून तोडलेली, न विचारता. विसरायचा प्रश्नच उरला नाही. पहारच जागेवर नाही तर माणूस कुटणार कशाने?

बसचाही तिने तसाच निकाल लावला. एका सकाळी फाटकासमोर बस दिसली तशी ती त्याच्या खिडकीतून हात घालून किल्ली घेऊन आली आणि स्वतःच बसली चालवायला. क्लच असा काही ओरडला की चढावरची सगळी कुत्री बाहेर आली. आचके देत देत ती बस चर्चच्या भिंतीशी नेऊन उभी केली. तानिएला मागे धावत होता, "अगं बये, माझ्या पोटावर पाय नको देऊस!" तेव्हापासून बस तो स्वतःच भिंतीशी लावू लागला.

ती झोपायला लागली. चेहरा भरला. मी ते पत्र फाडलं नाही, मसुदा चांगला जमला होता, पण खणात टाकलं. कधी कधी मला त्यांचा हेवाही वाटायचा. माझ्या उजवीकडच्या शेजाऱ्याशी माझं एका गटारावरून अकरा वर्षं बोलणं नाही. आम्हा दोघांचे आजे एकाच जहाजातून आले होते, पण त्या नात्याला शिव्या द्यायचा हक्क नाही, फक्त मान राखायचा. मान राखत बसलो आहोत दोघे.

गेल्या फेब्रुवारीत तानिएलाचा एक काका आला. बापाचा चुलतभाऊ, नाव रातुलोआ, पांढरे केस, काठीसारखा ताठ. पुतण्याचा पत्ता त्याला इतक्या वर्षांनी कोणाकडून तरी लागला होता, आणि तो गावची यांगोनाची दोन पोती घेऊनच उतरला. दुसऱ्या दिवशी एका लग्नघरी माल पोचवायचा होता. सकाळपासून काका खलाजवळ बसला, तानिएला पहार धरून.

नेहमीप्रमाणे उलामिला आली. रात्र जड गेली असावी, पाय ओढत होती. तरी शिवी चुकली नाही. "हं, डोंगरी डुकरा, सोड ती पहार! आणि हे म्हातारं वटवाघूळ कुठून धरून आणलंस?"

काका उभा राहिला. "डोंगरी कोणाला म्हणतेस, बाई? आम्ही किनाऱ्याची माणसं."

"काका, ही तौवू आहे आपली," तानिएला हसत म्हणाला. "वाईलोआची."

"वाईलोआची तौवू डोंगरातल्या वुनिकावीकाशी. जांबाचं झाड दिसेल तिथे लोकांनी गाव वसवलं आणि हेच नाव ठेवलं. आपलं गाव समुद्रावर. आपलं आणि वाईलोआचं काही नातं नाही. कधीच नव्हतं."

वर व्हरांड्यात मी कप खाली ठेवला. डोंगरातलं ना, असं तिने मला विचारलं होतं, आणि मी अर्थात म्हणालो होतो.

उलामिलाने तोवर हिसकावलेली पहार दोन्ही हातांनी हळूच जमिनीवर ठेवली. ती गुडघ्यांवर बसली, मान खाली घालून, आणि मोठ्यांची क्षमा मागताना वाजवतात तशी तळव्यांची पोकळ टाळी वाजवली. "माफ करा," ती काकाला म्हणाली. मग तानिएलाकडे न बघता म्हणाली, "तुम्हीही माफ करा." दोन वर्षांत पहिल्यांदा ती त्याला तुम्ही म्हणाली. ते ऐकून त्या एवढ्या मोठ्या माणसाचा चेहरा पडला.

मी धावत खाली गेलो आणि तिला फाटकाशी गाठलं. "उलामिला, चूक माझी. मला माहीत नव्हतं आणि मी..."

"दोन वर्षं, मास्टर." ती रडत होती. "दोन वर्षं मी परक्याच्या घरात घुसत होते. त्याच्या वस्तू उचलत होते. त्याच्या मेलेल्या आज्याला शिव्या देत होते. कुठल्या तोंडाने राहू इथे?" तिने डोळे पुसले. "आता तो कुटणार. आणि मला बोलायचा हक्क नाही." ती आत गेली आणि तिने खिडकी लावून घेतली. फेब्रुवारीच्या त्या उकाड्यात.

मी परत वर आलो आणि खणातलं पत्र काढलं. हो, काढलं. मला दुसरं येतं काय? तारीख तेवढी बदलायची होती. तेवढ्यात खालून काकाचा आवाज आला.

"कूट रे. ऊन चढलं."

तानिएलाने पहार उचलली. मी डोळे मिटून घेतले. आवाज आला नाही. पाहिलं तर तो पहार तशीच हातात धरून त्या लावलेल्या खिडकीकडे बघत उभा होता. मग त्याने पहार खाली ठेवली, खलाला मिठी मारली आणि तो उचलायला लागला. तो खल दोन माणसांनी उचलायचा असतो. मी चपला घातल्या आणि उतरलो. त्याने खलाचा एक कान धरला, मी दुसरा धरला.

"कुठे नेताय?" काका म्हणाला. "इथे सावली आहे."

"चर्चच्या मागे, काका."

"का? आता ती तुझी कोण लागते?"

तानिएला थांबला. वजनाने त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, पण बोलला तो अगदी हलक्या आवाजात.

"कोणी लागत नाही, काका. पण रात्रभर पोरांपाशी जागली आहे ती. हळू बोला."