दाजींनी काढलेला सर्व्हिस चार्ज

गल्लीत त्याला सगळे इस्त्री म्हणायचे. एक तर तो परदेशी प्रवासी जहाजावर लाँड्रीत कामाला. दुसरं म्हणजे त्याच्या शर्टाला कधी कुणी सुरकुती पाहिली नाही. आणि कुणी उसने पैसे मागितले, तर त्याच्या चेहऱ्यालाही नाही.

जहाज म्हटलं की गल्लीच्या डोळ्यांसमोर निळं पाणी, पांढरी टोपी आणि वाऱ्यावर उडणारे केस. इस्त्रीचे केस उडायला तिथे वाराच नव्हता. लाँड्री जहाजाच्या पोटात, पाण्याच्या पातळीखाली. खिडकी नाही, दिवस नाही, नुसती वाफ आणि ड्रायरची घरघर. जहाज कुठे लागलंय हे त्याला कपड्यांवरून कळायचं. टॉवेलांतून वाळू पडली म्हणजे किनारा. पायपुसण्यांवर चिखल आला म्हणजे वरच्यांना कुठले तरी पडके खांब दाखवून आणले. टेबलक्लॉथ लालभडक झाले म्हणजे आज कुठेच थांबणं नाही, सगळे वर बसून ढोसतायत. समुद्रावर इतकी वर्षं काढून त्याने समुद्र पाहिला तो असा, बादलीत.

पगार नावापुरता. खरी कमाई सर्व्हिस चार्जची. वर प्रत्येक प्रवाशाच्या बिलात दर दिवसामागे ठरलेली रक्कम आपोआप चढते. ती एकत्र होते आणि वेटर, खोल्या आवरणारे, भांडी घासणारे, लाँड्रीवाले, सगळ्यांत वाटली जाते. वरच्या वेटरला त्याशिवाय हातात टीप मिळायची. तो हसायचा, प्रवाशाच्या पोराचं नाव लक्षात ठेवायचा, रुमालाचं फूल करून दाखवायचा. इस्त्रीने कुणाला हसून दाखवायचं? ड्रायरला? त्याला जे काही मिळायचं ते त्या वाटपातूनच.

पण या चार्जची एक गंमत होती. तो सक्तीचा नव्हता. प्रवाशाने काउंटरवर जाऊन ‘काढून टाका’ म्हटलं की काउंटरवरची मुलगी गोड हसून काढून टाकायची. ती हसते म्हणजे तिला काहीच वाटलं नाही, असं प्रवाशाला वाटायचं.

पहिल्या सुट्टीत इस्त्री घरी आला तो अत्तराच्या बाटल्या आणि चॉकलेटचे डबे घेऊन. आठ दिवसांत अर्धी गल्ली दारात. कुणाच्या गाडीचा हप्ता, कुणाचं छत, कुणाचे दात. दिलेले पैसे परत आले नाहीतच, वर ते घेणारे रस्त्यात तोंड चुकवायला लागले. दुसऱ्या सुट्टीपासून इस्त्री शहाणा झाला आणि रडायला शिकला.

आणि काय रडायचा! नाटक कंपनीने उचलून न्यावं असं. नवा फ्रिज आतल्या खोलीत चादरीखाली झाकलेला, स्वयंपाकघरात जुनाच खडखडत ठेवलेला. बायको त्याच्या सुट्टीपुरत्या अंगठा तुटलेल्या चपला घालून फिरायची. आणि कोणी विषय काढला, की इस्त्री मान खाली घालून सांगायचा, “अहो, कसली कमाई! तो सर्व्हिस चार्ज लोक भरतात ना, तो सगळा कंपनीच्या घशात जातो. आमच्या हातावर काही टेकवत नाहीत. लोकांना वाटतं आम्हाला मिळतो.” एवढं बोलून तो चहाचा कप असा खाली ठेवायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं त्या कपाचेही हप्ते चालू आहेत.

पैसे तो उडवत नव्हता, हे खरं. साठवत होता. पण नुसतं साठवून भागणार नव्हतं, त्याला त्या पोटातून बाहेर यायचं होतं. लाँड्रीचा म्हातारा मुकादम निवृत्त होणार होता आणि पुढचा मुकादम आपण व्हावं, एवढंच एक स्वप्न इस्त्रीने धरलं होतं. मुकादमाला ठरलेला पगार, सर्व्हिस चार्जवर जगणं नाही, आणि वरच्या मजल्यावर खिडकीवाली खोली. छोटी गोल खिडकी, पण खिडकी.

त्याची थोरली बहीण, ताई, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिचा नवरा चष्म्यांच्या दुकानाचा मालक. आपल्याला सगळं स्पष्ट दिसतं असं त्यांचं ठाम मत. बाजारात दाजी आले की भाजीवाल्या आपसांत खुणा करायच्या. घासाघीस हा त्यांचा व्यायाम होता.

एका सुट्टीत ताई भावाकडे आली. दाजींना न सांगता. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळत होता, फीमध्ये थोडं कमी पडत होतं. ताईने उभ्या जन्मात भावाकडे काही मागितलं नव्हतं. इस्त्रीने तिच्यापुढेही तोच कप, तशीच मान, तेच रडगाणं लावलं.

“ताई, असते तर तुला नसते दिले का?”

ताई म्हणाली, “नाही रे, मी आपलं विचारलं.” वर त्यालाच जेवायला ये म्हणाली. भाची नर्सिंगला गेली नाही. ती दाजींच्या दुकानात बसून लोकांच्या काचा पुसायला लागली. आणि आतल्या खोलीत चादरीखाली फ्रिज गार पडून राहिला.

पुढे दाजींनी जहाजाच्या सफरीची टूम काढली. दुकानाच्या ओळीतले व्यापारी, त्यांच्या बायका, असा मोठा घोळका. दाजींनी घोळक्यासाठी घासाघीस करून सवलत मिळवली आणि मुद्दाम मेहुण्याचंच जहाज निवडलं. इस्त्रीला कळलं तेव्हा त्याला खरंच आनंद झाला. ताई आपल्या जहाजावर येणार म्हणून त्याने त्यांच्या मजल्याच्या चादरी स्वतःच्या हाताने रोलरमधून काढल्या. अभ्र्याला एक घडी वाकडी राहू दिली नाही. मुकादम त्याला म्हणाला, “लग्न आहे का रे वर?”

लाँड्रीवाल्यांना प्रवाशांच्या भागात फिरायला बंदी. पण म्हाताऱ्या मुकादमाने शब्द टाकून सफरीच्या शेवटच्या दुपारी त्याला तासभर परवानगी काढून दिली. इस्त्री कडक गणवेशात वर गेला. काउंटरसमोरच्या सोफ्यांवर अख्खा घोळका बसला होता आणि दाजी मधोमध, निवडणूक जिंकल्यासारखे.

“या मेहुणे, या! बसा. आज तुमचा हिशेब चुकता केला आम्ही.”

“माझा? काय झालं दाजी?”

“अरे, या तुझ्या कंपनीला दणका दिला दणका! तो सर्व्हिस चार्ज. आमच्या एकूण एक खोल्यांचा काढायला लावला. मी पहिला उभा राहिलो रांगेत, मग हे सगळे. ती मुलगी हसतच होती, पण आतून जळली असणार. म्हटलं, गरिबाच्या नावाने पैसे उकळता आणि घशात घालता? आमचा माणूस आहे तुमच्याकडे, आम्हाला सगळं माहीत आहे!”

घोळक्याने टाळ्या वाजवल्या. कापडवाल्याची बायको दाजींना म्हणाली, “भाऊजी, तुमच्यामुळे कळलं हो. नाहीतर आम्ही भरून बसलो असतो.”

 इस्त्रीच्या चेहऱ्यावर सवयीने काही उमटलं नाही.

दाजींनी खिशातून पाकीट काढलं. “आणि आम्ही काही चिकट नाही. आम्हाला दिसतात त्या वेटरला, खोलीवाल्याला हातात दिलं. तुझ्यासाठी सगळ्यांकडून वर्गणी काढली. धर. कंपनीच्या नाही, तुझ्या हातात.”

हलकं पाकीट हातात घेताच इस्त्रीला कळलं, की वर्गणी काढताना प्रत्येकाने दुसरा देईल असं धरलं होतं. आणि तेही त्याला ठेवता येणार नव्हतं. चार्ज काढलेल्या प्रवाशाने रोख काही दिलं, तर ते वाटपात जमा करायचं, असा नियम. म्हणजे वेटरने हसून मिळवलेली टीपही गेलीच म्हणायची.

तो “आलोच” म्हणून खाली धावला. म्हाताऱ्याला गाठून सगळं सांगितलं. म्हातारा हातातला अभ्रा घडी करायचा थांबला.

“खाली बातमी आलीय, एका घोळक्याने सगळा चार्ज काढला म्हणून. पोरं शिव्या घालतायत. ती तुझी माणसं?”

“माझीच.”

“त्यांना कुणी सांगितलं, आपल्याला मिळत नाही म्हणून?”

इस्त्री ड्रायरचं दार उगाच उघडून पुन्हा लावायला लागला. म्हाताऱ्याला ते पुरलं.

“संध्याकाळी बिलं बंद होतात. त्याआधी पुन्हा लावायला सांग. लावला तर मी इथे कुणाला बोलणार नाही. नाही लावला तर पोरं विचारतील आणि मी खोटं बोलणार नाही. ज्याच्या घरच्यांनी त्यांच्या पोटावर पाय दिला, त्याच्या हाताखाली ती काम कशी करतील, तूच सांग.”

इस्त्री पुन्हा वर गेला. दाजींना बाजूला घ्यावं असा त्याचा विचार होता. पण दाजी बाजूला होणाऱ्यांतले नव्हते.

“जे काय ते इथेच बोल. सगळी आपली माणसं आहेत.”

“दाजी, तो चार्ज पुन्हा लावून घ्या. हात जोडतो. तो आम्हालाच मिळतो.”

“कुणाला?”

“आम्हाला. मला. माझी कमाई त्यातूनच होते.”

“अरे, तूच सांगायचास ना, कंपनीच्या घशात जातो म्हणून? माझ्या घरी बसून, माझा चहा पिऊन?”

“ते... मी आपलं तसं म्हणायचो.”

“तसं म्हणजे कसं?”

उत्तर ताईने दिलं. ती इतका वेळ कडेला बसून होती. ती म्हणाली, “म्हणजे पैसे होते.”

इस्त्रीने तिच्याकडे पाहिलं नाही.

“मी आले होते तेव्हाही होते?”

“ताई, सगळेच मागायचे गं. एकाला दिलं की...”

“मी सगळे आहे का रे?”

“तू कशाला गेली होतीस याच्याकडे?” दाजींनी विचारलं. मग त्यांना कळलं कशाला. तसे ते घोळक्याकडे वळून म्हणाले, “ऐकलंत? आमचे मेहुणे श्रीमंत निघाले! आम्ही यांच्यासाठी वर्गणी काढत होतो!”

त्यांनी हात पुढे केला. इस्त्रीला वाटलं, पाठीवर ठेवतायत. दाजींनी त्याच्या खिशातून डोकावणारं पाकीट काढून स्वतःच्या खिशात घातलं. “मग हे कशाला हवं तुला? आणि चार्ज तर आता मेलो तरी लावणार नाही.” घोळक्यातल्या लोकांनीही माना डोलावल्या. तत्त्वाचा प्रश्न होता, असं ते नंतर गल्लीत सांगत फिरले. वाचलेल्या पैशांत बंदरावरून काय काय आणलं, तेही सांगत फिरले.

ताई उठली. काउंटरपाशी जाऊन त्या हसऱ्या मुलीला खोलीच्या किल्लीचं कार्ड दाखवत, खुणा करत, मोडक्या इंग्रजीत म्हणाली, आमच्या खोलीचा चार्ज पुन्हा लावा.

“अगं, वेड लागलं का तुला?” दाजी ओरडले.

“त्याने धुतलेल्या चादरीवर झोपले आहे मी,” ताई म्हणाली. “मला त्याचं फुकटचं काही नको.”

तेवढ्या एका खोलीचा लागला. बाकी कुणी उठलं नाही.

खाली म्हाताऱ्याने आपला शब्द पाळला, म्हणजे पोरांनी विचारल्यावर खरं सांगितलं. इस्त्रीशी कुणी भांडलं नाही. नुसतं त्याच्या ड्रायरशेजारी जेवायला बसायचं बंद झालं. मुकादमकी टकल्या म्हणून एक होता त्याला मिळाली. टकल्याचं काम इस्त्रीच्या पासंगालाही पुरत नव्हतं. त्याला नातेवाईक नव्हते, एवढी एकच त्याची लायकी. गोल खिडकीतून समुद्र बघत टकल्या दाढी करतो, असं इस्त्रीला कळायचं, कारण टकल्याच्या टॉवेलाला साबणाचा फेस असायचा आणि तो टॉवेल धुवायला इस्त्रीकडेच यायचा.

पुढच्या सुट्टीत घरी आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते फ्रिजवरची चादर काढायचं. आता लपवायचं कुणापासून? गल्लीला सगळं पाठ होतं. दुसरं काम म्हणून त्याने भाचीच्या फीचे पैसे पाकिटात घातले आणि ताईकडे गेला.

भाची दुकानात होती. घरात दाजी पेपर वाचत बसले होते. शेजारच्या दोघी बायका सहज आल्यासारख्या येऊन बसल्या होत्या. त्या सहज आल्या नव्हत्या, पण ते सोडा. ताईने चहा आणला. नेहमी ती त्याला पितळी पेल्यात द्यायची, लहानपणापासून त्याचा तोच. आज कप-बशी होती, पाहुण्यांतली.

“घ्या मेहुणे,” दाजी पेपरातून डोकं न काढता म्हणाले. “घाबरू नका. सर्व्हिस चार्ज लावलेला नाही.”

शेजारणी पदरात तोंड घालून हसल्या. इस्त्रीही हसला. हसल्यावाचून गत्यंतर नव्हतं. मग त्याने पाकीट काढून ताईपुढे ठेवलं. “भाचीसाठी. आता तरी...”

“आता ती वेळ गेली रे,” ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला जमलं असतं. तिने पाकीट उचललं, त्याच्या शर्टाच्या खिशात नीट सरकवलं आणि खिशाला पडलेली चुणी बोटाने सारखी केली.

चहा संपल्यावर तो सवयीने उठला. कप-बशी उचलून मोरीकडे निघाला, तसा तो या घरात नेहमीच निघायचा, आणि ताई नेहमीच म्हणायची, माझ्यावर उपकार कर आणि तेवढी तपेलीही घास.

“राहू दे, राहू दे,” ताई घाईने पुढे झाली आणि तिने त्याच्या हातातून कप-बशी काढून घेतली. “पाहुण्यांनी भांडी उचलायची नसतात.”