कुंपणाजवळची कळलावी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच. तुम्हाला तरी शेवटपर्यंत सांगेन का – अजून खात्री नाही. बघू.

आधी वेलीचं सांगते, ते सोपं आहे. आमच्या अकोल्याकडच्या डोंगरात कळलावी आपोआप येते. पिवळी-तांबडी फुलं, पाकळ्या वर वळलेल्या. पावसात उगवते, दिवाळीनंतर वाळून जाते, पण कंद मातीत जिवंत राहतो. माहेराहून आणलेला असा एक कंद मी परसात कुंपणाजवळ लावला होता. रानात फुकट येते ती दारात कशाला, असं सगळे म्हणायचे. मला आवडायची, बस्स.

बहात्तरच्या दुष्काळात रानातली फारशी उगवलीच नाही. माझी जगली, कारण भांडी विसळलेलं पाणी मी तिला घालत होते. ते शेजारच्या यमुनेनं पाहिलं. यमुना माझ्याहून लहान, पण भारी तोंडाळ. विहिरीवर बायका पाळी धरून उभ्या असताना म्हणाली, "वैनी, मान्सं पान्यावाचून मराया लागली आन् तुमी येलीला पाजता व्हय?" सगळ्या खो खो हसल्या. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. एवढ्याशा बोलण्याचा राग माणसानं किती दिवस धरावा? मी सहा महिने धरला.

पुढच्या उन्हाळ्यात यमुना अडली. पहिलंच बाळंतपण. पहाटेपासून कळा, दुपार झाली तरी सुटका नाही. तिचं ओरडणं आमच्या परसात ऐकू येत होतं – आणि मी धुणं वाळत घालत होते. हो, ऐकत ऐकत. तेवढ्यात सुईण चंद्राबाई धावत आली. कळलावीचा कंद उगाळून तळपायांना लावला की अडलेली बाई मोकळी होते, असं आमच्याकडे सगळेच मानायचे. मीही मानत होते. हे नीट लक्षात ठेवा.

तिनं कंद मागितला. उन्हाळ्यात वर काहीच दिसत नाही, तो कुठे आहे ते फक्त मला माहीत. माझ्या पायापासून हातभर अंतरावर होता. आणि मी म्हणाले, "त्याला वाळवीनं कधीच खाल्लं हो."

"आता गं बया!" म्हणत चंद्राबाई तशीच पळत गेली. तिला संशयसुद्धा आला नाही.

का केलं मी असं? कंद गेला तर वेल जाईल म्हणून? तेही होतं. पण खरं सांगू – मला वाटलं, आता कळू दे हिला, वेलीला पाणी कशाला पाजतात ते. तिचं ओरडणं ऐकताना मला हे वाटलं.

तिला बैलगाडीत घालून अकोल्याला नेलं. यमुना वाचली. मूल नाही वाचलं. मुलगी होती.

कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरीणबाई बोलता बोलता म्हणाल्या, त्या कंदानं काही होत नाही, उलट विषारी असतो तो. मला हायसं वाटलं. आणि मग स्वतःचीच शिसारी आली. तेव्हा मला हे कुठे ठाऊक होतं? कंद दिला तर ती सुटेल, असंच मी धरून चालले होते. आणि मी दिला नाही.

पण त्या वर्षीचं सांगायचं राहिलंच. पाऊस झाला आणि कुंपणाजवळ कोंब वर आला. कुणी पाहिलं तर? मी तो नखानं खुडला. चार दिवसांनी पुन्हा आला, पुन्हा खुडला. मग आलाच नाही.

त्यानंतर एका सकाळी यमुना दारात उभी. अर्धी झालेली. पदराखालून तिनं ओलं फडकं काढलं, त्यात कंद होता. तिच्या माहेरच्या डोंगरात जाऊन तिनं स्वतः खणून आणला होता.

"तुमची गेली ना वैनी, ही लावा. मी तवा लई बोलले तुमाला."

मी कंद घेतला. ती वळली, परत थांबली.

"आन् कुनी अडलं, मागाया आलं, तर द्या बरं."

मी हो म्हणाले. तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले.